ख्रिस्ती भक्तकवि रेव्हरंड नारायण वामन टिळक

टिळक हें नांव कानीं पडतांच आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें लोकमान्यांची मूर्ति उभी राहते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच आडनांवाचे, त्याच रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले व लोकमान्यांचेच समकालीन असे दुसरेहि एक टिळक महाराष्ट्रांत होऊन गेले. त्यांची ‘केवढें हें क्रौर्य!’ ही कविता विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनीं पाठ केली आहे. आणि ज्या रविवारीं त्यांचें एकहि गीत गाइलें गेलें नाहीं, असा रविवार मराठी ख्रिस्ती मंदिरांत क्वचितच उगवत असेल. ह्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें आपल्या नाशिकशीं फार जवळचें नातें आहे. ईश्वराचें स्तवन स्वतः कसें करावें आणि इतरांस त्यांत सहभागी होण्यास कसें बोलवावें, हें त्यांच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसेल.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं करजगांव येथें झाला. बालपणींच मातेचें छत्र हरपलें. घरीं मन रमेना, तेव्हां हा पोरका मुलगा विद्येच्या ओढीनें नाशिकास आला. येथें गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृत काव्याचें अध्ययन केलें. पुढें १८७७ ते १८७९ पर्यंत नाशिक हायस्कुलांत इंग्रजी शिक्षण झालें; पण संसाराचा भार अंगावर आल्यामुळें मॅट्रिक होण्यापूर्वींच शाळा सोडावी लागली. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका ही त्यांची पत्नी. विवाहाच्या वेळीं नारायणरावांचें वय सुमारें १८ वर्षांचें व मनकर्णिकेचें ११ वर्षांचें होतें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेवण्यांत आलें.

त्यानंतरचीं कित्येक वर्षें अस्थिरतेचीं गेलीं. कोठें शिक्षकाचें काम, कोठें पौरोहित्य, तर कोठें छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम करून त्यांनीं पोट भरलें. १८९१ सालीं नागपूर येथें अप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयास राहून ते संस्कृत ग्रंथांचें भाषांतर करूं लागले. पोटाची विवंचना थोडी मिटली, तरी मनाची भूक शमली नाहीं. माणसामाणसांतील भेद नाहींसा करील आणि देशाला वर उचलील असा धर्म कोणता, ह्याचा शोध त्यांच्या अंतःकरणांत अखंड चालू होता. १८९३ सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडींत अर्नेस्ट वॉर्ड नांवाच्या मिशनऱ्याची भेट झाली. त्यानें त्यांच्या हातीं पवित्र शास्त्र दिलें. तें वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचनापाशीं ते थबकले. शत्रूवरहि प्रीति करावयास शिकविणाऱ्या गुरूपुढें त्यांचें मस्तक आपोआप लवलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ह्या निश्चयाची किंमत केवढी होती, हें आज आपल्या सहज ध्यानांत येणार नाहीं. आप्तेष्ट दुरावले, आणि ज्या पत्नीला ह्या बेताची कल्पना दिली नव्हती, तिच्यावर तर आकाशच कोसळलें. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. सुमारें पांच वर्षें पति एकीकडे व पत्नी दुसरीकडे, अशी स्थिति होती. पुढें त्या अहमदनगरास पतीपाशीं आल्या, तेव्हांहि आपलें सोवळें सांभाळूनच राहूं लागल्या. टिळकांनीं त्यांना प्रेम दिलें, विचार करण्यास वेळ दिला. पण जुलूम केला नाहीं. शेवटीं लक्ष्मीबाईंनीं आपल्याच बुद्धीनें जातिभेदाचा विचार केला, स्वतःच्या मनाचा कौल घेतला आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. उपासनेचें खरें निमंत्रण कसें असावें, ह्याचा पहिला धडा टिळकांच्या स्वतःच्या घरांतच घडला.

अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान पाठशाळेंत ते शिकवीत असत. १९०४ सालीं ते पाळक झाले. त्या काळीं मंदिरांतील पुष्कळशीं गीतें इंग्रजींतून उतरविलेलीं असत आणि तीं विलायती चालींवर म्हटलीं जात. चालीच्या मापांत बसविण्यासाठीं मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ ओढावे लागत. कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनीं मराठी वळणाचीं पदें रचून वाट पाडली होती. टिळकांनीं त्या वाटेचा राजमार्ग केला. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तचरणांपाशीं पोंचलों, असें ते मोकळ्या मनानें मानीत. म्हणून त्यांनीं अभंग, ओवी, पद व कीर्तन हीं सर्व ख्रिस्ताच्या सेवेस लाविलीं. अभंगाचें सामर्थ्य असें कीं, एकानें चरण म्हणावा व इतरांनीं तो उचलावा. त्याला पुस्तक लागत नाहीं, अक्षरओळख लागत नाहीं. टाळ-मृदंग पुरे होतात. त्यामुळें खेड्यांतील निरक्षर शेतकरी आणि शहरांतील पदवीधर एकाच पंक्तीला बसून देवाचें गुणगान करूं शकले. टिळकांचीं दोनशेंहून अधिक गीतें मराठी उपासनेंत रूढ झालीं. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादनहि त्यांच्याकडे होतें.

१९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचें ठरविलें आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्तावर प्रेम करणारा कोणीहि, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्या दरबारांत येऊन बसावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु हें कार्य बहरण्यास अवधि मिळाला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेविला.

ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करावें, ह्या हेतूनें आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायना’चे अवघे १० अध्याय त्यांच्या हातून पुरे झाले होते. तें काम पुढें कोणी उचललें? ज्या लक्ष्मीबाईंनीं ह्या धर्माच्या नांवानें एके काळीं अश्रु ढाळले, ज्यांनीं शाळेचें तोंडहि पाहिलें नव्हतें, त्यांनींच त्यांत ६४ अध्यायांची भर घातली. ‘स्मृतिचित्रें’ हा त्यांचा ग्रंथ तर मराठी भाषेचें भूषण होय. १९३६ सालीं ह्याच नाशिक नगरींत त्यांची जीवनयात्रा संपली.

विद्यार्थीमित्रांनो, बळानें आणलेला मनुष्य उपासनेंत फार तर उभा राहील. तो गाणार नाहीं. लक्ष्मीबाई आपल्या पायांनीं चालत आल्या, म्हणूनच पतीचें अपुरें गीत त्यांना पुढें गातां आलें. आपल्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एकत्र शिकतात. ख्रिस्ती मुलांनीं आपल्या प्रभूचें स्तवन शुद्ध मनानें व गोड मराठींत करावें, शेजारच्या सोबत्यास प्रेमानें हांक मारावी आणि त्याला यावयाचें कीं नाहीं, हें त्याच्या मनावर सोंपवावें. टिळकांच्या चरित्राचा हाच बोध आहे, आणि तो आचरण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.