भिंतीपलीकडची घंटी आणि तुमची 40 जीबीची फाइल

दादाच्या लग्नाचं शूटिंग हॉलमधल्या लॅपटॉपवर आहे आणि एडिटिंगचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत. तुम्ही फोल्डर शेअर केलं, कॉपी-पेस्ट केलं, हिरवी पट्टी सरकायला लागली. शेजारी आकडा : सेकंदाला 4 एमबी. फाइल 40 जीबीची. म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास! मग तुम्ही चिडून इंटरनेटवाल्याला फोन लावता, मोठा प्लॅन घ्यायचं ठरवता.

जरा थांबा. प्लॅन वाढवून इथे काहीही फरक पडणार नाही. ही फाइल घराबाहेर जातच नाहीये. लॅपटॉप ते राऊटर, राऊटर ते कॉम्प्युटर, एवढाच तिचा प्रवास. इंटरनेट बंद असलं तरी ती जाईल. घोळ आहे तो घरातल्या हवेत आणि भिंतींत. आणि भिंतीतून लहरी पाठवायचा उद्योग 130 वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका प्राध्यापकाने केला होता. शाळेच्या पुस्तकात तुम्हाला ते झाडांना संवेदना असतात वगैरे धड्यात भेटले असतील. जगदीशचंद्र बोस.

जन्म 30 नोव्हेंबर 1858, मैमनसिंग, म्हणजे आताचा बांगलादेश. वडील सरकारी अधिकारी, पण पोराला त्यांनी मुद्दाम इंग्रजी नाही, बंगाली शाळेत घातलं. पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टरकी सुरू केली, तब्येतीमुळे सोडावी लागली, मग केंब्रिजला विज्ञान. 1885 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले.

तिथे त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकापेक्षा कमी पगार मिळायचा. काम सारखंच. बोसांनी काय केलं? नोकरी सोडली नाही, भांडत बसले नाहीत. पगारच घेतला नाही. तीन वर्षं! घरी वडिलांच्या डोक्यावर कर्ज, आणि हा माणूस रोज वर्गात जाऊन मन लावून शिकवतोय. शेवटी कॉलेजला पूर्ण पगार मागच्या थकबाकीसकट द्यावा लागला. तो पैसा कर्ज फेडण्यात गेला. आपल्यापैकी किती जण असं तीन वर्षं ताणून धरतील, सांगा बरं.

संशोधनासाठी कॉलेजात धड प्रयोगशाळाही नव्हती. एक छोटीशी खोली, पत्र्याचं काम करणारा कारागीर आणि स्वतःच्या खिशातले पैसे. जर्मनीत हर्ट्झने विद्युत लहरी शोधल्या होत्या, पण त्या फुटांत, मीटरांत मोजण्याएवढ्या लांब. त्यांचा अभ्यास करायचा तर उपकरणंही अवाढव्य लागणार. बोसांनी उलटा विचार केला : लहरच छोटी करू, म्हणजे सगळं टेबलावर मावेल. त्यांनी 5 मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या. तुमच्या वाय-फायची लहर 2.4 गिगाहर्ट्झवर साडेबारा सेंटिमीटरची असते आणि 5 गिगाहर्ट्झवर साधारण 6 सेंटिमीटरची. म्हणजे बोस आपल्याही पुढे होते!

1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहर एका खोलीतून निघाली, समोर बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेंझी यांच्या शरीरातून आणि भिंतींतून पार झाली आणि सुमारे 75 फुटांवर घंटी वाजली, बंदुकीची दारू उडाली. मध्ये तार नाही, काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, बोसांची लहर भिंतीतून गेली तर माझी का अडते? तुमचीही जातेच की. कॉम्प्युटरवर वाय-फायच्या दांड्या दिसतायत ना? फरक असा की घंटी वाजायला एक धक्का पुरतो. कमकुवत पोचला तरी चालतो. तुमच्या फाइलचा मात्र प्रत्येक तुकडा सहीसलामत पोचायला हवा. सिग्नल क्षीण झाला की काही तुकडे वाटेत खराब होतात, ते परत पाठवावे लागतात आणि राऊटर सावध होऊन वेग उतरवतो. म्हणून कनेक्शन आहे आणि स्पीड नाही, असं चित्र दिसतं.

कोणत्या वस्तूतून लहर जाते आणि कोणती अडवते, हे बोस एकेक वस्तू मध्ये ठेवून तपासत बसायचे. वीट आणि डांबर उजेडाला अडवतात, पण ही लहर त्यांतून जाते. पाण्यातून उजेड जातो, लहर मात्र अडते. आता तुमचं घर बघा. साताऱ्याच्या पेठेतला जुना वाडा असेल तर भिंती हात-हातभर जाड. सांगलीच्या गावभागात असाल तर पुराच्या धास्तीने राऊटर वरच्या मजल्यावर आणि मध्ये सळ्यांनी भरलेला स्लॅब. शिवाय लोखंडी कपाट, फिश टँक. 5 गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण जाड भिंतीपुढे 2.4 पेक्षा लवकर दमतं. आणि 2.4 वर शेजाऱ्यांचे सगळे राऊटर गर्दी करून बसलेले.

बोसांचा एक जुगाड तर भारीच आहे. त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक घेतलं, पानांमध्ये धातूचा पातळ कागद घातला. पुस्तक एका बाजूने धरलं की लहर पार, काटकोनात फिरवलं की अडली. लहरीला दिशा असते, हे त्यातून दिसलं. राऊटरचा अँटेना उभा-आडवा करून बघा असं सांगतात, त्यामागे हेच आहे.

तेव्हा तपास त्यांच्यासारखाच करा, एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी लॅपटॉप उचलून राऊटरच्या खोलीत न्या. वेग एकदम वाढला तर गुन्हेगार भिंत. नाही वाढला तर दुसरीकडे बघा. दोन्ही मशिन वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा राऊटरकडे, एकदा राऊटरकडून; वेग तिथेच निम्मा होतो. कॉम्प्युटर केबलने राऊटरला जोडला की हा एक फेरा वाचतो. दोन्ही केबलवर आणि राऊटर गिगाबिटचा असेल, डिस्क एसएसडी असेल, तर 40 जीबी सात-आठ मिनिटांत जातात. राऊटरचे पोर्ट 100 मेगाबिटचे निघाले तर तासभर लागेल. मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, आठने भागायचं. निम्मी भांडणं इथेच मिटतात. आणि हजारो छोटे फोटो असतील तर झिप करून एकच फाइल पाठवा.

बोस 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेले आणि आपली उपकरणं कशी चालतात ते सगळ्यांसमोर उघड दाखवलं. त्यातून पैसा करावा हे त्यांना पटायचं नाही. मित्रांनी फारच आग्रह केला म्हणून लहर पकडणाऱ्या स्फटिकाचं एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नावावर आलं, 1904 मध्ये. ते त्यांनी तसंच सोडून दिलं. 1909 मध्ये बिनतारी संदेशासाठी नोबेल मिळालं ते मार्कोनी आणि ब्राऊन यांना. मला विचाराल तर हा हिशेब जुळत नाही. बोस मात्र तोवर वनस्पतींकडे वळले होते. 1917 मध्ये, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीह इथे ते गेले. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला आठवडाच उरला होता.