खुद्रीचं बारसं करणारा कर्नल

नदीवर गळ टाकायला नेमकं कधी जावं? सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात हा प्रश्न दहा जणांना विचारला तर अकरा उत्तरं मिळतील. कोणी म्हणतं ढगाळ हवा पाहिजे, कोणी म्हणतं पौर्णिमा टाळा, तर कोणी मोबाईल काढून चंद्राची कला आणि हवेचा दाब दाखवणारं ॲप उघडतं. गंमत म्हणजे या ॲपमधले आणि इंग्रजी पुस्तकांतले बरेचसे नियम ट्राउट नावाच्या माशावरून बनलेले असतात. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तर नदीतला मासा म्हणजे ट्राउटच माहीत, कारण गोष्टींच्या पुस्तकात तोच असायचा. पण ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. इंग्रजांनी तो भारतात आणून काश्मीर, निलगिरी, मुन्नार अशा थंड ठिकाणी सोडला. आपल्या कृष्णा, कोयना, वारणेच्या पाण्यात तो जगणार नाही. इथला मानाचा मासा वेगळा. त्याचं नाव खुद्री, म्हणजेच दख्खनचा महसीर.

मित्रांनो, या खुद्रीला शास्त्रात नाव देणारा माणूस कोण होता हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याने नुसते मासे नाही बघितले, तर दख्खनची हवासुद्धा वर्षानुवर्षे मोजली. म्हणजे ऋतू, चंद्र, हवा आणि मासा या सगळ्या प्रश्नांना हात घालणारा हा एकच माणूस. त्याचं नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. आपण ज्या वयात नववीच्या सहामाहीची काळजी करत होतो, त्या वयात म्हणजे १८०४ च्या सुमारास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत दाखल झाला. १८०५ साली भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे तो हिंदुस्तानी आणि मराठी शिकला. १८१७ साली खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने लढला. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही त्याचा भाग होता. हे सांगितलंच पाहिजे. साइक्स हा आपला पाहुणा म्हणून आला नव्हता, तो जिंकणाऱ्यांच्या फौजेतला अधिकारी होता.

१८२० ते १८२४ ही वर्षं त्याने युरोपात फिरण्यात घालवली. परत आल्यावर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला एक वेगळंच काम दिलं. नव्याने हातात आलेल्या मुलखाची आकडेवारी गोळा करायची. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे. माणसं किती, जमीन कशी, पिकं कोणती, मजुरी किती, खडक कसले, जनावरं, पक्षी आणि मासे कोणते, पाऊस किती. आजच्या भाषेत बोलायचं तर डेटा कलेक्शन. उद्देश काही धर्मादाय नव्हता. ज्या मुलखातून सारा वसूल करायचा तो मुलूख कंपनीला नीट समजायला हवा होता. पण साइक्सने हे काम मालकाला पाहिजे होतं त्याच्या कितीतरी पुढे नेलं.

सातारा तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडे होतं आणि सांगली पटवर्धनांच्या संस्थानात. त्यामुळे हे दोन्ही मुलूख त्याच्या चार जिल्ह्यांत येत नव्हते. पण नदीला जिल्ह्याची हद्द कळत नाही. साइक्सने ज्या मुळा-मुठा, घोड आणि भीमेच्या पाण्यातले मासे पाहिले, त्या सगळ्या नद्या शेवटी कृष्णेलाच मिळतात. त्यामुळे त्याच्या यादीतले बरेच मासे वाई, कराड, सांगलीच्या भोयांच्या जाळ्यातही येत आलेले आहेत.

आता हवेचं. साइक्स जिथे जाई तिथे बॅरोमीटर बरोबर असे. तेव्हाचा बॅरोमीटर म्हणजे पाऱ्याने भरलेली लांब काचेची नळी. घाटातून, बैलगाडीच्या रस्त्याने ती न फोडता न्यायची हीच मोठी परीक्षा. १८२५ पासून पुढची काही वर्षं त्याने दिवसातून अनेक वेळा दाब टिपला आणि १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. विषय होता दख्खनच्या वातावरणातली भरती-ओहोटी. त्याला काय दिसलं? आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी ९-१० च्या सुमाराला सर्वांत जास्त असतो आणि दुपारी ४-५ ला सर्वांत कमी. रात्री पुन्हा एकदा थोडा चढतो आणि पहाटे उतरतो. पावसाळा असो की उन्हाळा, हा क्रम चुकत नाही. हजारो नोंदींत त्याला याला अपवाद सापडला नाही.

भरती-ओहोटी म्हटलं की आपल्याला चंद्र आठवतो. पण हवेची ही भरती मुख्यतः सूर्याच्या उष्णतेने होते. चंद्राचा वाटा इतका बारीक असतो की तो दिसायला वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढावी लागते. इथेच गळवाल्यांच्या कामाची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये बॅरोमीटर उतरला तर वादळ येतंय असं समजतात, आणि मासे कधी खातील याचे तिकडचे आडाखे त्यावर बसवलेले असतात. आपल्याकडे तो रोजच दुपारी उतरतो! म्हणजे सांगलीत बसून चार वाजता ॲपवर दाब घसरताना दिसला, तर ती घड्याळाची वेळ आहे, हवेची बातमी नाही.

चंद्राचंही तसंच. कोकणात खाडीवरचा कोळी तिथी मोजतो ते अगदी बरोबर आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीला भांग असतो, आणि खाडीचं पाणी त्याप्रमाणे चढतं-उतरतं. पण सांगली समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहे आणि कृष्णा तर उलट दिशेला, बंगालच्या उपसागराकडे जाते. तिथे भरती पोचायचा प्रश्नच नाही. नदीवर चंद्र देतो तो फक्त रात्रीचा उजेड.

मग नदीवर कशाला महत्त्व? पावसाला. साइक्सने १८५० साली आणखी एक निबंध लिहिला, त्यात भारतातल्या वेगवेगळ्या उंचीवरच्या ठिकाणांच्या हवामानाच्या नोंदी एकत्र केल्या. महाबळेश्वर १८२९ साली प्रतापसिंह महाराजांनी इंग्रजांना दिलं, तिथे आरोग्यस्थान झालं आणि पावसाची मोजणीही सुरू झाली. असल्या आकड्यांवरून त्याने मांडलं की सह्याद्रीवर साधारण ४५०० फुटांपर्यंत पाऊस वाढत जातो आणि त्याहून वर कमी होतो. आपण तर हे रोज अनुभवतो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, साताऱ्याला १००० च्या आसपास, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम ५००. म्हणून कराडला ऊन पडलेलं असलं तरी नदी वाढू शकते, कारण पाणी वरून येतं. आता तर मधे धोम आणि कोयनेची धरणं आहेत. गळ घेऊन निघण्याआधी चंद्र नाही, धरणातून किती विसर्ग चालू आहे ते बघायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. नदीच्या मनात आलं की काय होतं ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

आता मासे. १८२९ च्या अखेरीस सरकारने साइक्सचं पदच रद्द केलं. दुसरा कोणी असता तर वह्या बांधून मोकळा झाला असता. साइक्सने काम पुरं केलं आणि १८३१ साली ते गाठोडं घेऊन तो मायदेशी निघाला. सस्तन प्राणी, मग पक्षी, आणि शेवटी मासे अशा याद्या एकामागून एक छापल्या. माशांची माहिती त्याने १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली, आणि तिचं सविस्तर रूप १८४१ मध्ये आलं.

या यादीतली नावं वाचताना खरंच मजा वाटते. लॅटिन वाटणाऱ्या नावांच्या मागे आपली मराठी लपलेली आहे. काटेरी मिशाळ माशाचं नाव ‘शिंगटी’, दुसऱ्या एकाचं ‘कोळस’, आणखी ‘फुलुंगी’, ‘अळकुटी’, आणि अर्थात ‘खुद्री’. आजही जगातला कुठलाही प्राणिशास्त्रज्ञ मिस्टस शिंगटी किंवा टॉर खुद्री असं लिहितो तेव्हा तो नकळत मराठी बोलत असतो. ही नावं साइक्सला नदीकाठच्या लोकांकडूनच मिळाली असणार, हे उघड आहे. काही माशांना त्याने आपल्या ओळखीच्या इंग्रज विद्वानांची नावं दिली, जसं की ओवेन, व्हिगर्स, ओगिल्बी. पण ज्यांनी मासा धरून दाखवला आणि त्याचं नाव सांगितलं, त्या भोई-कोळ्यांपैकी कोणाचं नाव एकाही माशाला नाही. मासा राहिला, सांगणारा गेला. मला ही गोष्ट फार खटकते.

साइक्सच्या कामात उणीव नव्हती असंही नाही. त्याची काही वर्णनं फारच थोडक्यात होती. शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला त्याने ‘मुसल्लाह’ नाव दिलं. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यालाही महसीरच समजून टाकलं आणि कित्येक दशकं पुस्तकांत तसंच छापलं गेलं. अखेर २०१३ साली तपासणी होऊन तो महसीर नसून वेगळ्याच प्रजातीतला मासा आहे, असं मांडण्यात आलं. चार ओळी कमी लिहिल्या तर पुढच्यांची किती वर्षं जातात! आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलमध्ये रीडिंग कशी भरतो ते आठवून मला हा भाग वाचताना जरा कसंतरीच झालं.

इंग्लंडला गेल्यावर साइक्सची बढतीच होत गेली. १८३४ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. त्याच वर्षी लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्यांत तो होता आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला. १८४० साली कंपनीचा संचालक, १८५६ साली अध्यक्ष, आणि १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबरडीनचा खासदार. हवेचा नाद मात्र सुटला नाही. उंचावरची हवा मोजायला बलून पाठवावेत म्हणून त्याने विज्ञान परिषदेत पाठपुरावा केला, आणि १८६० च्या दशकात तसे बलून उडालेही. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या नावाचा एक चंडोल आणि एक रातवा आपल्या माळरानावर अजून आहे. त्या रातव्याच्या शास्त्रीय नावात तर त्याने ‘मराठा’ शब्दच घातला आहे.

आणि खुद्री? साइक्सला ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाली होती. आज पुण्याचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या त्या नदीत खुद्री शोधायला कोणी जाणार नाही. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर खुद्रीची पिल्लं तयार करून देशभर सोडली गेली, त्यामुळे जात म्हणून ती वाचली. पण तीच खुद्री कावेरीत सोडल्यावर तिथल्या मूळ कुबडवाल्या महसीरची जागा तिने बळकावली, आणि आता तो बिचारा नष्ट व्हायला आला आहे. चांगल्या हेतूनेसुद्धा नोंदी न बघता काम केलं तर असं होतं.

म्हणून कृष्णेवर जायचा बेत करताना हे ध्यानात ठेवूया. जून ते सप्टेंबर गळ घरीच ठेवायचा. नदी गढूळ आणि धोक्याची असते, आणि खुद्रीसारखे मासे पावसाळ्यातच अंडी घालायला वर चढतात. दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा जावं. अभयारण्याच्या हद्दीत आणि धरणाच्या पाण्यात परवानगी विचारल्याशिवाय गळ टाकू नये. काठावरच्या भोईकाकांना आधी विचारावं, ॲपला नंतर. खुद्री लागली तर मोजून परत सोडावी.

आणि एक वही न्यावी. तारीख, तिथी, पाण्याची पातळी आणि रंग, पाण्याचं तापमान, कोणता मासा, किती लांब, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांचं नाव. हो, नावसुद्धा, कारण साइक्सच्या माशांच्या नावांत तेवढंच राहून गेलं. परक्या मुलखातून आलेल्या एका सैनिकाने पाऱ्याची नळी सांभाळत आपल्या नद्यांची नोंद केली. आपल्या खिशात तर कॅमेरा, जीपीएस सगळं आहे, आणि नदीही आपलीच आहे.