फास्टर फेणे मोठा का झाला?

भा. रा. भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भाग घेतला. पुढे मात्र लेखणी वाहिली ती मुलांना. त्यांनी ‘बालमित्र’ मासिक चालविले, ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे निर्माण केला. पुण्याच्या विद्याभवन शाळेतील या काटकुळ्या विद्यार्थ्यापाशी अमानवी शक्ती नव्हती. होती सायकल, कुतूहल आणि संकटात उडी घेण्याची वृत्ती. म्हणूनच पुणे कधीही न पाहिलेल्या राजुऱ्याच्या वा सिरोंच्याच्या मुलालाही तो आपल्याच बाकावरचा वाटू शकतो.

२७ ऑक्टोबर २००१ रोजी भागवत निवर्तले. बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला, ‘फास्टर फेणे’ चित्रपट प्रदर्शित झाला. दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने भागवतही त्यात पात्र म्हणून वावरले, ही कृतज्ञता खरीच. परंतु फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला.

जुन्या वाचकांची नाराजी हा केवळ स्मरणरंजनाचा हट्ट नव्हे. काळ बदलावा, वाहन बदलावे, त्यास हरकत नाही. नायकाचे बालपणच काढून घेतले, तर मुलांनी त्याच्यात स्वतःला पाहावे कसे? मराठीत मुलांसाठी चित्रपट आधीच थोडे. त्यात हक्काचा नायकही थोरांकडे गेला. शिक्षकांनी निदान मूळ पुस्तके शाळेच्या कपाटातून काढून मुलांच्या हाती द्यावीत.