सॅचेल पेज : चेंडू तयार होता, दार बंद होते

७ जुलै हा सॅचेल पेज यांचा जन्मदिवस. अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात हे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते. आपल्या अनेक वाचकांना मात्र ते नवीन असेल. त्यांचे आयुष्य आज मांडावेसे वाटते, कारण होतकरू मुलाला वरच्या पातळीवर कधी पाठवायचे आणि तो तयार आहे की नाही हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्यात अगदी उघडा पडतो. वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम करताना आम्हालाही हा प्रश्न वारंवार भेटतो.

बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडेसे. या खेळात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा तिथे पिचर, पण सामन्याचा भार त्याच्यावर कितीतरी अधिक असतो. सर्वांत वरच्या स्पर्धेला मेजर लीग म्हणतात आणि तिच्याखाली शिकाऊ खेळाडूंसाठी मायनर लीगच्या पायऱ्या असतात. तरुण पिचरला या पायऱ्या चढू द्याव्यात की थेट मेजर लीगमध्ये उतरवावे, हा अमेरिकेतला जुना वाद आहे. लवकर उतरवा म्हणणारे सांगतात की हाताला वेग आहे तोवर त्याचा उपयोग करून घ्यावा. थांबा म्हणणारे सांगतात की कोवळ्या खांद्यावर आणि कोपरावर ताण आला की हात कायमचा जातो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण पेज यांचे आयुष्य पाहिले की या वादाच्या मुळाशी असलेली तिसरी गोष्ट दिसू लागते.

लीरॉय रॉबर्ट पेज यांचा जन्म १९०६ साली अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या शहरात झाला. वडील माळीकाम करत, आई लोकांचे कपडे धुई. घरात भावंडांची रांग, कमाई तुटपुंजी. लहानपणीच लीरॉय रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलू लागला. एका खेपेत जास्त पैसे मिळावेत म्हणून त्याने काठीला दोऱ्या बांधून एकदम अनेक बॅगा वाहण्याची युक्ती काढली आणि त्यावरूनच त्याला सॅचेल, म्हणजे पिशवी, हे नाव पडले असे सांगितले जाते. तेव्हाच्या अलाबामात शाळा, डबे, हॉटेले, सगळे रंगानुसार वेगळे होते. कोणी कुठे बसावे, कुठून पाणी प्यावे, हे कायद्याने ठरलेले होते. हे वाचताना आपल्या वाचकांना वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

बारा वर्षांचा असताना किरकोळ चोरी आणि शाळेतील गैरहजेरी यावरून लीरॉयला माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवण्यात आले. तिथे त्याची जवळपास साडेपाच वर्षे गेली. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ही वाट चांगली ठाऊक आहे. गरिबीतून छोटी चूक होते, चुकीतून शिक्का बसतो आणि शिक्क्यापुढे मूल दिसेनासे होते. लीरॉयच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी घडली. ही संस्था मुळात अलाबामातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेने, आपली मुले मोठ्या कैद्यांच्या तुरुंगात जाऊ नयेत म्हणून उभारली होती. तिथे एडवर्ड बर्ड नावाचे प्रशिक्षक त्याला भेटले. चेंडू फेकताना पाय उंच कसा उचलायचा, फलंदाजाच्या गुडघ्यांकडे पाहून त्याचा मनसुबा कसा ओळखायचा, हे बर्ड यांनी त्याला शिकवले. घाई नव्हती, प्रेक्षक नव्हते, तिकिटे विकायची नव्हती. हातात कौशल्य घेऊन हा मुलगा १९२३ च्या अखेरीस, सतराव्या वर्षी बाहेर पडला.

म्हणजे मायनर लीगमध्ये पाठवण्याच्या वयात तो पूर्ण तयार होता. पण दार बंद होते. १८८० च्या दशकानंतर मेजर लीगने एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला घेतले नव्हते. असा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांमध्ये अलिखित समजूत होती आणि ती लेखी कायद्यापेक्षा कडक पाळली जात होती. म्हणून कृष्णवर्णीयांनी आपल्या स्वतंत्र लीग उभारल्या. त्या काळच्या भाषेत त्यांना निग्रो लीग म्हणत. पेज १९२६ मध्ये चॅटनूगाच्या संघातून खेळू लागले, पुढे बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स अशा संघांमधून त्यांनी नाव कमावले. हंगाम संपला की गावोगावी प्रदर्शनी सामने, हिवाळ्यात कॅलिफोर्निया किंवा कॅरिबियन बेटे, असे त्यांचे बारमाही खेळणे होते. मेजर लीगचे गोरे तारे याच प्रदर्शनी सामन्यांत त्यांच्यासमोर उभे राहत आणि हात चोळत परतत. पेज त्यांच्या तोडीचे आहेत हे त्यांनाही कळत होते. हंगाम सुरू झाला की ते आपल्या लीगमध्ये जात आणि पेज आपल्या बसमध्ये.

आता याच काळातील दोन गोऱ्या मुलांकडे पाहू.

१९३६ साली आयोवा राज्यातील शेतकऱ्याचा मुलगा बॉब फेलर सतराव्या वर्षी क्लीव्हलँडच्या संघातून मेजर लीगमध्ये उतरला. सुरुवातीपासून चेंडू टाकण्याच्या पहिल्याच सामन्यात त्याने १५ फलंदाज टिपले. हंगाम संपल्यावर तो गावी गेला आणि त्याने शाळा पूर्ण केली. फेलर पुढे बेसबॉलमधील श्रेष्ठ पिचरपैकी एक ठरले.

दुसरा मुलगा जो नक्सहॉल. दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात गेल्याने संघांना माणसे मिळेनात. १० जून १९४४ रोजी सिनसिनाटी रेड्स संघाने अवघ्या पंधरा वर्षांच्या नक्सहॉलला मैदानात उतरवले. त्याला एक डावही पूर्ण करता आला नाही. पाच धावा गेल्या, पाच फलंदाजांना फुकट बेस मिळाला आणि त्याला बाहेर काढावे लागले. त्या वर्षी सॅचेल पेज ३७ वर्षांचे होते आणि देशात कुठल्याही संघाला जिंकून देण्याची ताकद बाळगून होते. खेळाडूंचा इतका तुटवडा असताना संघांना शाळकरी पोर चालले, पण सिद्ध झालेला कृष्णवर्णीय पिचर चालला नाही. तयारी हा निकष किती सोयीने वापरला जातो, हे समजायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

नक्सहॉलची गोष्ट इथे संपत नाही आणि तिचा पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. त्या फजितीनंतर त्याला मायनर लीगमध्ये परत पाठवले गेले. तिथे तो वाढला, शिकला आणि १९५२ मध्ये पुन्हा मेजर लीगमध्ये आला. १९६६ पर्यंत तो खेळला आणि त्याने शंभराहून अधिक सामने जिंकले. पडल्यावर सावरायला त्याला आठ वर्षे मिळाली. परतीची वाट त्याच्यासाठी उघडी होती.

पेज यांनाही एकदा अशी वाट मिळाली, पण ती मेजर लीगने दिली नाही. १९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना त्यांचा हात गेला. वर्षानुवर्षे न थांबता चेंडू फेकल्याचा तो परिणाम होता. हा माणूस पुन्हा पिचर म्हणून उभा राहणार नाही, असा वैद्यकीय निर्वाळा मिळाला. ज्या संघमालकांनी त्यांच्या नावावर तिकिटे विकली होती, त्यांना आता त्यांच्यात रस उरला नाही. तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्यांना आपल्या फिरत्या दुय्यम संघात घेतले. तिथे ते दुसऱ्या जागेवर खेळत, जमेल तेवढेच चेंडू टाकत. काही महिन्यांत हात परत आला. १९४२ मध्ये मोनार्क्सने निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली, त्यात पेज यांचा मोठा वाटा होता.

१९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी रंगाची भिंत फोडायचे ठरवले. त्यांनी निवडले ते मोनार्क्समधलेच जॅकी रॉबिन्सन यांना. ते विशीतले होते, विद्यापीठात शिकलेले, सैन्यात अधिकारी राहिलेले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरले आणि इतिहास घडला. पेज यांना हे मनाला लागले. वीस वर्षे ज्या दाराशी ते उभे होते ते उघडले, तेव्हा त्यांचे वय झाले होते. आधी रंग आडवा आला आणि रंगाची अट सैल झाली तेव्हा वय आडवे आले.

तरीही ते थांबले नाहीत. ७ जुलै १९४८ रोजी, आपल्या ४२ व्या वाढदिवशी, त्यांनी क्लीव्हलँडशी करार केला. मालक बिल व्हेक यांनी त्यांना गर्दी खेचण्यासाठी आणले, हा तमाशा आहे, अशी टीका खेळाच्या एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने केली. उत्तर मैदानावर मिळाले. त्या अर्ध्या हंगामात पेज यांनी सहा सामने जिंकले आणि एकच गमावला. ऑगस्टमध्ये त्यांनी सुरुवात केलेल्या तीन सामन्यांना मिळून दोन लाखांवर प्रेक्षक आले. क्लीव्हलँडने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली आणि वर्ल्ड सिरीजमध्ये चेंडू टाकणारे पहिले कृष्णवर्णीय पिचर म्हणून पेज यांची नोंद झाली. त्याच संघात बॉब फेलरही होते. एक सतराव्या वर्षी आलेला, दुसरा बेचाळिसाव्या. दोघांच्या मधल्या पंचवीस वर्षांचे कारण हातात कुठेच सापडत नाही.

पुढे सेंट लुईस ब्राउन्सकडून खेळताना १९५२ आणि १९५३ मध्ये त्यांची ऑल स्टार संघात निवड झाली. १९६५ मध्ये, ५९ वर्षांचे असताना, कॅन्सस सिटी अॅथलेटिक्ससाठी त्यांनी तीन डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. १९७१ मध्ये निग्रो लीगच्या कामगिरीसाठी हॉल ऑफ फेममध्ये निवडले गेलेले ते पहिले खेळाडू ठरले. या खेळाडूंसाठी तिथेही वेगळा विभाग ठेवण्याचा विचार आधी झाला होता. लोकांनी विरोध केला, तेव्हा त्यांना बरोबरीचे स्थान मिळाले. ८ जून १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. निग्रो लीगला मेजर लीगचा दर्जा देण्याचा निर्णय २०२० मध्ये, म्हणजे त्यानंतर ३८ वर्षांनी झाला.

बाळू पालवणकरांचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज हिंदू संघाचा कर्णधार कधीच झाला नाही.

मग लवकर वर पाठवावे की नाही? १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सने अठरा वर्षांच्या डेव्हिड क्लाइडला शाळा संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत मेजर लीगमध्ये उतरवले. संघाला प्रेक्षक हवे होते, ते मिळाले. मायनर लीगमध्ये शिकण्याचा वेळ क्लाइडला तेव्हा मिळाला नाही आणि विशीतच त्याची कारकीर्द संपली. फेलर लवकर येऊन टिकला, क्लाइड लवकर येऊन विझला, नक्सहॉल पडून सावरला, पेज यांना थांबवूनच ठेवले. चौघांकडे एकत्र पाहिले तर आम्हाला असे दिसते की वयाचा आकडा फारसे काही सांगत नाही. निर्णय कोणाच्या गरजेसाठी झाला आणि पडल्यास सांभाळणारे कोणी आहे का, यावर बरेच काही ठरते.

हीच कसोटी आपल्या मुलांना लावून पाहावी. वस्तीतील हुशार मुलीला आठवीतच स्पर्धा परीक्षेच्या मोठ्या क्लासला घातले जाते, कारण तिच्यावर सगळ्या घराची आशा असते. एक वर्ष बिघडले की तिच्याकडे कोणी पाहत नाही. दुसरीकडे, पूर्ण पात्र असलेल्या मुलाला अजून तयारी नाही असे सांगून मागे ठेवले जाते आणि ती तयारी म्हणजे नेमके काय, हे त्याला कधीच सांगितले जात नाही. पहिल्या ठिकाणी घाई आहे, दुसऱ्या ठिकाणी अडवणूक. दोन्हीकडे मुलाला कोणी विचारलेले नसते.

म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि आपल्या संस्था-मंडळांना आमचे सांगणे आहे. कोणी आपल्या मुलाला तयार नाही म्हटले, तर निकष लेखी मागा. कोणी त्याला घाईने पुढे ढकलत असेल, तर त्यात फायदा कोणाचा हे विचारा. आणि प्रत्येक शिष्यवृत्तीसोबत, प्रत्येक सत्कारासोबत एक गोष्ट पक्की करा, की एक वर्ष हुकले तरी त्या मुलाच्या पाठीशी कोणीतरी उभे राहील. माउंट मेग्जमध्ये एक बर्ड होते, कॅन्सस सिटीत एक विल्किन्सन होते. पेज यांच्या वाट्याला वेळेवर उघडे दार आले नाही, पण वाटेत अशी दोन माणसे आली. आपल्या प्रत्येक वस्तीत अशी माणसे तयार करणे आपल्या हातात आहे.