फादर हेरास : महाविद्यालयातील मळेकरी

मिशनकार्य म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर रानावनातील चॅपेल व दवाखाना उभा राहत असेल. परंतु महाविद्यालयाचा वर्गही प्रभूचा मळाच होय. येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांचे जीवन पाहा.

स्पेनमध्ये १८८८ साली जन्मलेले फादर १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकविण्यास आले. विषय ठरविताना, येथे सर्वांत कमी ठाऊक असलेला इतिहास कोणता, असे त्यांनी प्राचार्यांना विचारले. भारताचा, असे कळताच तोच शिकविण्याचे त्यांनी पत्करले. म्हणजे गुरूला आधी स्वतः विद्यार्थी व्हावे लागले!

१९२६ साली त्यांनी महाविद्यालयात इतिहास-संशोधन संस्था स्थापिली व तरुणांना मूळ साधनांकडे वळविले. १९२७ साली विजयनगरच्या अरविडू घराण्यावर त्यांचा ग्रंथ निघाला. १९३१ साली त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइश यांनी कदंबांचा इतिहास लिहिला. सिंधुलिपीचे फादरांनी केलेले वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही; परंतु त्यांनी लावलेली संशोधनाची गोडी टिकली.

१४ डिसेंबर १९५५ रोजी ते प्रभूघरी गेले. संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९८१ साली भारत सरकारने टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

वाचकहो, तुमच्या घरचा तरुण वसईत शिकत असो वा रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, त्याला उपदेश करण्यापूर्वी त्याच्यासवे शिकावयास बसा. सेवेतील आनंद तेथेच तुमची वाट पाहत आहे.