चार्ल्स हायडेलबर्गर : गाठीची भूक ओळखणारे रसायनशास्त्रज्ञ

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हायडेलबर्गर यांचा जन्म १९२० साली न्यूयॉर्क येथे झाला. उंदरांच्या यकृतातील गाठी निरोगी ऊतींपेक्षा युरॅसिल अधिक शोषतात, या निरीक्षणाचा त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात उपयोग करून घेतला. युरॅसिलच्या रेणूत फ्लोरिनचा अणू बसवून त्यांनी १९५७ मध्ये ५-फ्लुरोयुरॅसिल हे औषध पुढे आणले. ते अन्न समजून स्वीकारणाऱ्या पेशीची डीएनए-निर्मिती खुंटते. निरोगी पेशींनाही त्याची झळ लागते. म्हणूनच मात्रा व जोडीची औषधे पारखावी लागतात. अन्ननलिकेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी सिस्प्लॅटिनसह ते दिल्यास आयुर्मान वाढते, हे युरोपातील ८०२ रुग्णांवरील चाचणीने २००२ मध्ये दाखविले. हायडेलबर्गर मात्र १९८३ मध्येच कर्करोगाने निवर्तले. चौऱ्याण्णव वर्षांचे त्यांचे वडील, प्रतिकारशास्त्रज्ञ मायकल, तेव्हा हयात होते.