हाफकिन : मृत जंतूंची लस आणि एका बाटलीचा कलंक

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरील जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या इमारतीवर ज्याचे नाव आहे, तो मनुष्य ना मुंबईकर होता, ना इंग्रज, ना व्यवसायाने डॉक्टर. वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन हा काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात १८६० साली जन्मलेला ज्यू प्राणिशास्त्रज्ञ. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. प्लेगचे जंतू मारून त्यांची माणसाला टोचता येईल अशी लस बनवण्याची कृती त्याने मुंबईत शोधली. पुढे त्याच कृतीतल्या एका पायरीवरून त्याला मुंबई सोडावी लागली.

ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिन यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉफ. विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी गटात ओढले गेले. १८८१ साली शहरातील ज्यू वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा बचावासाठी उभे राहिलेल्यांत ते होते. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. धर्मांतर केल्यास अध्यापकाची जागा मिळेल, हा प्रस्ताव त्यांनी नाकारला. १८८८ मध्ये देश सोडून ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे मिळालेली पहिली नोकरी ग्रंथपालाची होती! पुस्तके सांभाळता सांभाळता त्यांनी पटकीच्या जंतूंवर काम सुरू केले आणि जुलै १८९२ मध्ये पटकीची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ साली ते कलकत्त्याला आले आणि दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थान व बंगालमध्ये चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी ही लस टोचली. मलेरियाने जर्जर झाल्यावरच ते काही काळ इंग्लंडला परतले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. सरकारच्या बोलावण्यावरून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर, लोक शहर सोडून पळत असताना, हे काम उभे राहिले.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. त्याची प्रयोगशाळेतील हाताळणी म्हणजे मृत्यूशी रोजचा सहवास. पटकीच्या लशीत हाफकिन यांनी जिवंत पण जोर बदललेले जंतू वापरले होते. प्लेगच्या बाबतीत ते धाडस त्यांनी टाळले. जंतू आधी वाढवायचे, मग पूर्ण मारायचे आणि मेलेल्या जंतूंसह तो सारा द्रव टोचायचा, असा मार्ग त्यांनी निवडला. त्यासाठी काचेच्या चंबूंत मांसरस घेत. गोमांस वा डुकराचे मांस येथील लोकांना चालणार नाही हे ओळखून बकऱ्याचे मांस वापरण्याची खबरदारी त्यांनी घेतली. त्या रसावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबणाऱ्या तंतूंसारखे वाढत. ही विशिष्ट वाढ दुसऱ्या कोणत्या जंतूची भेसळ झालेली नाही, याची खूणच ठरे. चंबू मधून मधून हलवून ती वाढ तळाशी पाडायची आणि पुन्हा नवी येऊ द्यायची, असे सुमारे सहा आठवडे चाले. नंतर तो द्रव ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर तासभर तापवून जंतू मारीत. शेवटी थोडे कार्बॉलिक आम्ल घालीत, म्हणजे पुढे बाहेरचा जंतू शिरला तरी त्यात वाढू नये. उष्णता आणि आम्ल असा हा दुहेरी पहारा होता. त्यातला दुसरा पहारेकरी वाचकांनी ध्यानात ठेवावा.

डिसेंबरअखेर सशांवरील प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लशीची १० घन सेंटिमीटर मात्रा स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांना दिली जाणारी मात्रा याच्या चौथाई होती. ताप चढला, वेदना झाल्या, पण ते कामावर येत राहिले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील स्वखुशीने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस टोचण्यात आली. टोचणीच्या वेळीच ज्यांच्यात रोग उतरला होता ते वगळता, लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला व सहा दगावले. कैद्यांची संमती कितपत मोकळी होती हा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. त्या काळी तो कोणाला पडला नाही.

ते वर्षच भयंकर होते. रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले मार्चमध्ये प्लेगनेच गेल्या. जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. घरोघरच्या जबरदस्तीच्या झडत्यांनी सरकारी उपायांविषयी इतका संताप होता की लशीकडेही संशयाने पाहिले जाई. अशा वेळी आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले आणि आपल्या खोजा अनुयायांनाही प्रवृत्त केले, याचे मोल मोठे. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला आली आणि प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मागणी अफाट वाढली, आणि तिथेच घात झाला. लस लवकर तयार व्हावी म्हणून १९०२ साली कृतीत बदल झाला आणि केवळ उष्णतेवर भिस्त ठेवून कार्बॉलिक आम्ल वगळण्यात आले. पाश्चर संस्थेतही असे होत असे, म्हणजे शास्त्रदृष्ट्या हे वावगे नव्हते. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली आणि त्यातील १९ जणांना धनुर्वात होऊन ते सर्व मरण पावले. हे एकोणीसही एकाच बाटलीतून, ५३-एन क्रमांकाच्या, टोचलेले होते. इतर बाटल्यांमधून टोचलेल्यांना काही झाले नाही.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दूषण परळच्या प्रयोगशाळेतच झाले असावे असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता नुसता कार्बॉलिकच्या पाण्यात बुडवून बुचाला लावला गेला, हे साक्षीत नोंदले गेले होते. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि अशा बुडवण्याने ते मरत नाहीत. शिवाय दूषण परळला झाले असते तर सुमारे सहा आठवडे बंद असलेल्या त्या बाटलीला दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला मात्र कसलाही वास आला नव्हता. इतका साधा पुरावा समोर असताना आयोगाने त्याला वजन दिले नाही, हे आजही बोचते.

त्यांच्या बाजूने उभे राहिले ते शास्त्रज्ञच. मलेरियाचा उलगडा करणारे रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या टाइम्समधून हा लढा चालवला आणि जुलै १९०७ मध्ये अनेक नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी सहीनिशी पत्र लिहिले. वर्षअखेर सरकारने कलंक मागे घेतला. पण परळची जागा भरलेली होती. हाफकिन यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा मिळाली, लस बनविण्याची व चाचण्यांची मोकळीक मिळाली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. पुढची वर्षे त्यांनी मुख्यतः ज्यू समाजाच्या कार्याला दिली.

लस मात्र मुंबईहून जातच राहिली. १८९७ ते १९२५ या काळात अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या, आणि १९२५ मध्येच परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ते तेव्हा हयात होते. अविवाहित हाफकिन यांनी अखेरची दोन वर्षे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे काढली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते तेथेच निवर्तले. आपली जवळपास सर्व मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवली होती.